जैसलमेरला जाताना...



दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या बडोद्याहून बरीच कुटुंबे राजस्थानला निघतात. परतल्यावर वर्गात उंटावरची सफर, राजवाडे आणि दाल-बाटीच्या गप्पा रंगतात. यंदा कोणी जैसलमेरला जाणार असेल तर आणखी एक गोष्ट डोळसपणे पाहून यावी, असे आम्हाला वाटते. ती गोष्ट म्हणजे पाणी!

रावळ जैसल या भाटी राजाने ११५६ साली जैसलमेर वसवले. त्रिकूट टेकडीवरचा हा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा आहे. उन्हात तो सोन्यासारखा झळाळतो. तटाला तब्बल ९९ बुरूज आहेत. पुष्कळ किल्ले आज ओस पडले आहेत. इथे मात्र तटाच्या आत अजूनही हजारो माणसे राहतात. २०१३ मध्ये युनेस्कोने राजस्थानचे सहा डोंगरी किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात हाही आहे.

वाळवंटात एवढे वैभव आले कुठून? इथून उंटांचे तांडे माल घेऊन जात आणि राजे त्यांच्याकडून जकात घेत. व्यापाऱ्यांनीही पैसा मिळवला. पटव्यांच्या हवेलीतील दगडी जाळ्या पाहिल्या की त्याची कल्पना येते. पुढे मुंबई बंदराचा व्यापार वाढला आणि तांडे कमी झाले. १९४७ च्या फाळणीने पश्चिमेकडच्या वाटाही बंद झाल्या. आज शहराचा मोठा आधार पर्यटन हाच आहे.

इथे वर्षाला सरासरी २० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या चौपटीहून अधिक! म्हणूनच गडसीसर तलाव शहराचा प्राण होता. चौदाव्या शतकात रावळ गडसी यांच्या काळात त्याला आजचे रूप आले. बायका डोक्यावर घागरी घेऊन पाणी नेत. अशा पाण्याचा एक थेंबही कोण वाया घालवील?

नंतर किल्ल्यात नळ आले, हॉटेले झाली, पाण्याचा वापर वाढला. जुनी गटारव्यवस्था मात्र त्यासाठी केलेली नव्हती. सांडपाणी टेकडीत मुरू लागले. टेकडीतले मातीचे थर ओले झाले की फुगतात, सरकतात आणि वरच्या भिंतींना तडे जातात. काही बुरूज याआधीच ढासळले आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये जोरदार पावसात तटाचा काही भाग कोसळला. ज्या किल्ल्याने शतकानुशतके वेढे सोसले, त्याला आज शत्रूपेक्षा पाण्याची भीती अधिक आहे!

मग तिथे जायचेच नाही का? तसे नाही. पर्यटक आले नाहीत तर तिथल्या लोकांची रोजीरोटी कशी चालेल? किल्ला मनसोक्त पाहावा, पण मुक्काम तटाबाहेर करावा आणि पाणी जपून वापरावे. एवढे आपल्या हातात नक्कीच आहे.

राजांचा वारसा म्हणजे फक्त महाल नव्हेत. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी १९२७ मध्ये सतलजचे पाणी कालव्याने वाळवंटात आणले. आपल्या सयाजीराव महाराजांनी लक्ष्मी विलास राजवाडा बांधला, तसाच शहराला पाणी देणारा आजवा तलावही बांधला. राजवाडा आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. या सुट्टीत आजवाही दाखवू या!