‘ते आलंय’ असे कोणाला म्हणू नका

आमच्या वस्तीत लग्नाची पत्रिका असो की जलदान विधीचे निमंत्रण, मजकूर लिहून देण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे येते. त्याला फारशी अक्कल लागत नाही. ‘यांच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य मी झोपेतही लिहीन. मागच्या वर्षी मात्र याच वाक्यापाशी माझा पेन अडला.

गल्लीतील एक वृद्ध सफाई कामगार वारले होते. थोरल्या मुलाने मजकूर सांगितला, “दोन मुलगे, एक मुलगी.” तेवढ्यात दारातून आवाज आला, “एक मुलगा, दोन मुली.” पांढऱ्या साडीतल्या त्या बाईला मी प्रथम ओळखलेच नाही. ज्याला आम्ही सगळे त्या घरचा मधला मुलगा म्हणून ओळखत होतो आणि जो सोळाव्या वर्षी घरातून निघून गेला होता, तीच ही. वडिलांच्या मयताला आली होती. बाहेर ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, “ते आलंय बघ.” हळूच म्हणाले, पण तिला ऐकू जाईल इतपत.

मी पेन खाली ठेवला. म्हटले, संध्याकाळी लिहून देते.

‘ते आलंय’ या दोन शब्दांत शिवी कुठेच नाही. तरीही ती शिवीच आहे. आपल्या मराठीत तो, ती आणि ते अशी तीन लिंगे आहेत. दगड ‘तो’, भिंत ‘ती’ आणि मडके ‘ते’. तान्ह्या बाळाला आपण लाडाने ‘ते’ म्हणतो, पण जाणत्या माणसाला ‘ते आलं, ते बसलं’ म्हटले की त्याला माणसांतून काढून मडक्यांच्या रांगेत ठेवल्यासारखे होते. गंमत अशी की आदर दाखवायलाही आपल्याकडे ‘ते’च आहे. ‘ते आले’ म्हटले की मान आणि ‘ते आलं’ म्हटले की अपमान. एका अनुस्वाराने माणसाची पायरी बदलते.

ही पायरी आपल्याला नवी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आठवा. कचरू, धोंडू, दगडू. त्यातही पूर्ण नाव घ्यायचे नाही, कचऱ्या, धोंड्या असेच हाकारायचे. साठी उलटलेल्या म्हाताऱ्याला पाटलाच्या घरचे शेंबडे पोर ‘अरे’ म्हणे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, गौतमी, यशोधरा जन्माला आले. नाव आपले आपण ठेवायचे असते, हे आपण तेव्हा शिकलो.

बाबासाहेबांनी तर हा झगडा विधिमंडळात केला. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द आला. शब्द गोड होता. देवाची माणसे! पण तो दुसऱ्यांनी दिलेला होता. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला, बाबासाहेबांनी केला. बहुमताच्या जोरावर त्यांचे म्हणणे डावलले गेले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहाबाहेर निघून गेले. गोड शब्दसुद्धा लादलेला असेल तर नको, हा आपला वारसा आहे. तो फक्त आपल्यापुरताच ठेवायचा का?

या लोकांवरही वरून नाव लादले गेले आणि तेही कायद्याने. ज्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच भटक्या-विमुक्तांनी १९५२ पर्यंत सोसला, त्याच्या १८७१ च्या मूळ रूपात एक स्वतंत्र भाग हिजड्यांसाठी होता. त्यांची पोलिसांकडे नोंदवही ठेवायची आणि नोंद असलेला कोणी बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला किंवा नाचला तर त्याला शिक्षा करायची. कैकाडी-पारध्यांच्या तांड्यावर पडणारी पोलिसांची नजर आणि सिग्नलवर टाळी वाजवणाऱ्यावर पडणारी नजर, दोन्हींचे मूळ एकाच कागदावर सापडते.

मग म्हणायचे काय? सरकारी कागदात ‘तृतीयपंथी’ असते. वर्तमानपत्रेही तेच छापतात आणि बहुतेकांना ते चालते. मला स्वतःला त्यातला ‘तृतीय’ जरा खटकतो. पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरवले कोणी? चार वर्णांचे आकडे मोजलेल्या समाजाला हा प्रश्न पडणारच. लिहिण्यात ‘पारलिंगी’ हा शब्द आता येऊ लागला आहे आणि तरुण मुले-मुली सरळ ‘ट्रान्सजेंडर’ म्हणतात. मुलगा म्हणून वाढवलेली पण स्वतःला स्त्री मानणारी ती ट्रान्स स्त्री, आणि याच्या उलट तो ट्रान्स पुरुष. हे दुसरे आपल्या ध्यानातच येत नाहीत, कारण ते टाळी वाजवत नाहीत. जन्मतःच ज्यांच्या शरीराची ठेवण ठरीव साच्यात बसत नाही, ते आंतरलिंगी. ही तिन्ही माणसे वेगळी आहेत, त्यांना एकाच गोणीत भरू नये.

तमिळनाडूत करुणानिधी मुख्यमंत्री असताना ‘तिरुनंगै’ हा शब्द रूढ झाला. ‘तिरु’ म्हणजे आपला श्री, आणि ‘नंगै’ म्हणजे स्त्री. २००८ साली तिथे त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापन झाले. शब्द आधी सुधारला की मंडळ आधी, याचा वाद अभ्यासकांनी घालावा.

‘हिजडा’ या शब्दाचे काय, असे कोणी विचारील. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाच्या नावातच तो शब्द आहे. त्यांनी तो स्वतःसाठी मिरवला आहे. पण आपण स्वतःला काय म्हणतो आणि दुसरा आपल्याला काय म्हणतो, यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. नामदेव ढसाळांच्या कवितेत जे शब्द आले, ते एखाद्या सवर्णाने बसमध्ये आपल्याला उद्देशून उच्चारले तर आपण ऐकून घेऊ का? ‘छक्का’सारख्या शब्दांना तर दुसरी बाजूच नाही. ते शब्द घरात नकोत.

आणि आपल्या सभांतही नकोत. हे लिहिताना वाईट वाटते, पण जयंतीच्या व्यासपीठावरून ‘आम्ही काय हिजडे आहोत का? हातात बांगड्या भरल्या आहेत का?’ असे गर्जणारे वक्ते मी ऐकले आहेत, आणि टाळ्याही ऐकल्या आहेत. समोर बसलेल्या शे-दोनशे माता-भगिनींच्या हातात बांगड्याच होत्या. दिशा पिंकी शेख ही कवयित्री २०१९ साली वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ती झाली. अशी कार्यकर्ती शेजारच्या खुर्चीवर बसली असती तर त्या वक्त्याने काय केले असते?

लहान मुलांना हा विषय कसा सांगावा, असे एका भगिनीने मला विचारले. मी नंदिविसालाची जातककथा सांगते. तक्षशिलेच्या ब्राह्मणाकडे नंदिविसाल नावाचा बलदंड बैल होता. शंभर गाड्या ओढण्याची पैज लागली. ऐन वेळी मालकाने त्याला हिणकस नावाने हाक मारली, ‘ओढ रे लबाडा.’ बैल खांबासारखा उभा राहिला आणि मालक हजार नाणी हरला. पुढच्या खेपेला मालकाने गोड बोलावले, तेव्हा त्याने शंभर गाड्या ओढल्या. विनयात ही कथा ज्या नियमाच्या संदर्भात येते, तो नियमच टोचून बोलण्याविरुद्ध आहे. जात, नाव, गोत्र, धंदा, आजार, शरीराची ठेवण यांवरून भिक्षूने कोणाला हिणवले तर तो दोष आहे. सम्यक वाचा म्हणजे नुसते खोटे न बोलणे नव्हे.

त्याच विनयात ‘पंडक’ म्हटलेल्यांना उपसंपदा नाकारली आहे, हेही लपवू नये. पण एका भिक्षूच्या शरीरात स्त्रीचिन्हे प्रकटली तेव्हा तीच उपसंपदा, तेच वर्षावास कायम ठेवून भिक्षुणीसंघात राहण्याची अनुज्ञा बुद्धांनी दिली, तेही तिथेच आहे. बुद्धीला पटेल ते घ्यावे, असे आपल्याला सांगितले गेले आहे.

कायद्याचे सांगायचे तर १५ एप्रिल २०१४ रोजी, भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या समतेच्या कलमांचे छत्र यांनाही आहे असा निकाल दिला. २०१९ च्या कायद्याने शाब्दिक छळही शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला. पण ओट्यावरचे ‘ते आलंय’ कोणत्या पोलिसाला ऐकू जाणार?

घरी कोणी आले तर साधे आहे. नाव विचारावे, आणि सांगतील तेच नाव घ्यावे. ‘खरे नाव काय?’ असे विचारू नये. भाड्याची खोली बघायला गेल्यावर घरमालक ‘पूर्ण नाव सांगा, आडनाव काय?’ विचारतो तेव्हा त्याला काय हवे असते, ते आपल्याला कळते ना? तसेच ते. ऑपरेशनची चौकशीही तशीच. ताई की दादा हे कळले नाही तर ‘तुम्हाला काय म्हणू?’ विचारायला लाज कसली? चूक झाली तर ‘चुकले’ म्हणावे आणि पुढे बोलावे. दहा वेळा माफी मागून त्यांनाच अवघडून टाकू नये.

त्या संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या घरी गेले. थोरला भाऊ म्हणाला, “तीन अपत्ये असं लिहा ना. वाद नको.” मला ती युक्ती आवडली. ‘ती’ लिहूनही झाले होते. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली म्हातारी आई म्हणाली, “अपत्यं काय? नीट लिव्ह बाई. एक पोरगा, दोन पोरी. म्या जन्म दिलाय, मला मोजता येत न्हाई व्हय?”

दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या मुलाचा फोन आला. “बाई, त्या घरच्या पत्रिकेत आकडे उलटे पडलेत का?”

म्हटले, “नाही. तसेच छाप.”