वाटणी झाल्याशिवाय वारसा नाही: गोव्याचा उत्तराधिकार कायदा

गोव्यातल्या माणसाला मुले असतील, तर मृत्युपत्र करून सगळी संपत्ती हवी त्याच्या नावे करता येत नाही. उर्वरित भारतात हिंदू व्यक्ती आपली स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकते, अगदी पोटच्या मुलाला पूर्ण वगळूनही. गोव्याच्या कायद्यात मात्र मुलांचा ठरावीक वाटा आईबापांच्या मर्जीवर सोडलेला नाही आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. हा हक्क दीडशे वर्षे जुना आहे. तो प्रत्यक्ष पदरात पडतो तो रीतसर वाटणी झाल्यावरच, आणि ती वाटणीच असंख्य घरांत राहून गेली आहे.

कायद्याचे मूळ

या व्यवस्थेचा पाया म्हणजे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता. ती १ जुलै १८७० पासून गोव्यात लागू झाली. गोव्यातल्या हिंदूंच्या काही रूढी १८८०च्या हुकुमाने जपल्या गेल्या आणि १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर विवाह व घटस्फोटाचे नवे कायदे झाले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. संसदेने १९६२च्या प्रशासन कायद्याने तिथले प्रचलित कायदे चालू ठेवले. पुढे गोवा विधानसभेने २०१२ मध्ये उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (न्यायालयातली वाटणीची प्रक्रिया) यांचा एकत्रित कायदा केला. तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. विवाहसंपत्तीचे नियम मात्र अजूनही जुन्या संहितेतूनच येतात.

मुलींच्या हक्काकडे पाहिले की या कायद्याचे मोल कळते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि देशभर ती २००५ मध्ये आली. गोव्यात मुलगी त्याआधी शंभराहून अधिक वर्षे भावाच्या बरोबरीने वारस होती.

आधी पती-पत्नीचे अर्धे

वारशाचा हिशेब सुरू होतो तो लग्नापासून. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार झाला नसेल, तर दोघांची संपत्ती सामाईक होते. लग्नापूर्वीची, लग्नानंतर कमावलेली, वारशाने आलेली अशा सगळ्या मिळकतीत दोघांचा अर्धा-अर्धा, न विभागलेला हक्क तयार होतो. हे नको असेल, तर पूर्ण विभक्त संपत्ती किंवा लग्नापूर्वीची वेगळी आणि नंतरची सामाईक असे पर्याय आहेत. करार मात्र लग्नाआधीच व्हावा लागतो. गोव्यातले वारसा-नियोजन म्हणूनच लग्न ठरते तेव्हापासून सुरू व्हायला हवे.

एका जोडीदाराच्या निधनानंतर दुसऱ्याचे अर्धे हा वारसा नसतो, ते मुळातच त्याचे असते. मृताची मालमत्ता म्हणजे उरलेले अर्धे. मुले असतील तर या अर्ध्याचाही निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. मृत्युपत्र चालते ते फक्त उरलेल्या निम्म्यावर.

समजा, दांपत्याची एकूण मिळकत १ कोटी २० लाखांची आहे आणि मुले तीन, दोन मुलगे व एक मुलगी. वडील वारले. आईचे ६० लाख बाजूला निघाले. वडिलांच्या ६० लाखांपैकी ३० लाख राखीव, म्हणजे प्रत्येक मुलाला किमान १० लाख. राहिलेले ३० लाख वडील मृत्युपत्राने शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या मुलीला देऊ शकतात. तिचे ४० लाख होतील, भावांचे १०-१०. मृत्युपत्र नसेल, तर तिघांना सारखे २०-२० लाख मिळतील. कायद्याने दिलेल्या कारणाशिवाय कुणालाही राखीव वाट्यातून वगळता येत नाही, आणि कारण मृत्युपत्रात नमूद करावे लागते.

राखीव वाट्याला बगल देण्याच्या वाटाही कायद्याने बंद केल्या आहेत. हयातीत एखाद्या मुलाला दिलेली देणगी पुढे हिशेबात धरली जाते. संहितेच्या कलम १५६५ प्रमाणे आईवडिलांना एका मुलाला मिळकत विकायची किंवा गहाण द्यायची असेल, तर बाकीच्या मुलांची संमती लागते. आईवडील हयात असताना ‘मला काही नको’ असे कुणाकडून लिहून घेतले, तर त्या कागदाला अर्थ नसतो. वारसा सोडता येतो तो मृत्यूनंतरच.

इन्व्हेंटरी

मृत्युपत्र विशेष नोटरीपुढे करून त्याच्या पुस्तकात नोंदवता येते किंवा बंद लिफाफ्यात ठेवून त्यावर नोटरीची मान्यता घेता येते. निधनानंतर वारस कोण, हे नोटरीच्या वारसा-दस्तातून ठरते. पण कुठली जमीन कुणाची, हे त्या दस्तात नसते. त्यासाठी सहसा दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी करावी लागते.

न्यायालय मालमत्तेचा प्रमुख नेमते. बहुधा तो हयात जोडीदार असतो. तो शपथेवर वारसांची व मालमत्तेची यादी देतो. प्रत्येक घर, शेत, कुळागर (नारळी-पोफळीची बाग), ठेव यांना क्रमांक पडतो आणि मूल्य ठरते. मग वारसांची बैठक होते. एकमत झाले तर वाटणी तशीच होते. न झाले तर वारसांमध्येच लिलाव पुकारला जातो. बाहेरच्याला त्यात बोली लावता येत नाही.

वरच्याच कुटुंबात घर ६० लाखांचे, कुळागर ३६ लाखांचे आणि बँकेत २४ लाख आहेत असे धरू. मृत्युपत्र नाही. घर आईने मूळ किमतीत घेतले. कुळागरावर मुलीने ४८ लाखांची बोली लावली. एकूण मूल्य १ कोटी ३२ लाख झाले. म्हणजे आईचा हक्क ६६ लाख आणि प्रत्येक मुलाचा २२ लाख. आईला आणखी ६ लाख यायचे, भावांना २२-२२. मुलीने हक्कापेक्षा २६ लाखांचे जास्त घेतले, ते तिने भरायचे. हे २६ आणि बँकेतले २४ मिळून ५० लाखांत आई व भाऊ यांचा हिशेब पुरा होतो. कुळागराचे तुकडे पडत नाहीत, आणि बोली वाढली की तिचा फायदा सगळ्यांना मिळतो. घरच्या वाटणीसाठी याहून न्याय्य रीत सापडणे कठीण.

वाटणी राहिली की

इतकी चांगली रीत असूनही अनेक घरांच्या एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावर आजही आजोबा-पणजोबांचेच नाव आहे. दर पिढीला वारस वाढतात, आणि संपत्ती सामाईक असल्याने त्यांच्या जोडीदारांच्या सह्याही लागतात. कुणी मुंबईत, कुणी आखातात, कुणी पोर्तुगालमध्ये. घर कुणा एकाचे नसल्याने दुरुस्तीही कुणी करत नाही. अशा बेवारस दिसणाऱ्या मिळकती बनावट कागदांनी बळकावल्या गेल्या आणि २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले.

नुकसान मुलींचेही होते. माहेर तुटू नये म्हणून कित्येक बहिणी हक्क सोडल्याच्या दस्तावर सही करतात. हक्क सोडण्याचा निर्णय त्यांचा आहे, पण तो घेण्याआधी त्यांना आपल्या वाट्याची किंमत कळलीच पाहिजे. इन्व्हेंटरीच्या यादीत ती आकड्यांत दिसते.

गोव्याबाहेरची मिळकत

मुंबईत घर घेतलेल्या गोवेकरांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९चा निकाल महत्त्वाचा आहे. एका गोवेकराने १९५७च्या मृत्युपत्राने मुंबईतली मिळकत धाकट्या मुलीला दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्या मृत्युपत्राला प्रोबेटही (न्यायालयीन मान्यता) दिले होते. तरी, गोवेकराच्या भारतात कुठेही असलेल्या मिळकतीला गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. गोव्यात अधिवास असलेल्याने मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचे मृत्युपत्र करतानाही राखीव वाटा मोजलाच पाहिजे.

वारसा-नियोजनाचा क्रम यातून स्पष्ट होतो. लग्नाआधी संपत्तीच्या पद्धतीचा विचार, मिळकतींची अद्ययावत यादी, मुलांना दिलेल्या देणग्यांची नोंद, राखीव नसलेल्या वाट्यापुरते मृत्युपत्र, निधनानंतर वारसा-दस्त, लगेच इन्व्हेंटरी आणि शेवटी एक-चौदावर वारसाच्या नावाची नोंद. यातली इन्व्हेंटरी जितकी लवकर होईल तितके वारस कमी, साक्षीदार हयात आणि खर्च आटोक्यात. पहिल्याच पिढीत ती उरकणे हाच मुलांचा हक्क राखण्याचा खात्रीचा मार्ग आहे.