कर्नल बदलला, शेअर्ड फोल्डर गेला

संगणकातला संगणक : लेखांक 7

गेल्या आठवड्यात आपण विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात उबुंटू बसवलं आणि दोघांमध्ये एक शेअर्ड फोल्डर उघडला. ते सुख फार दिवस टिकत नाही. एके दिवशी उबुंटू अपडेट मागतं, आपण हो म्हणतो, त्यात कर्नल, म्हणजे उबुंटूचा गाभा, बदलतो, मशीन पुन्हा सुरू होतं आणि फोल्डर रिकामा दिसतो. अभियांत्रिकीच्या मुलांवर ही वेळ हमखास सबमिशनच्या आदल्या रात्री येते. मग कोणी (व्हर्च्युअलबॉक्सने उबुंटूत बसवायला दिलेली) गेस्ट अ‍ॅडिशन्सची सीडी पुन्हा पुन्हा चालवतं, कोणी अख्खं व्हर्च्युअल मशीन उडवून नव्याने बसवतं. दुसऱ्या उपायाने फोल्डर परत येतो हे खरं, पण पुढच्या अपडेटला पुन्हा जातो.

आधी जिवाला घोर लावून घेऊ नका. फायली होत्या तिथेच, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर आहेत. तिकडे जाऊन एकदा बघून घ्या. सबमिशन उद्याच असेल तर उबुंटू सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरा, ग्रब नावाची यादी येईल. तिच्यातल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल बहुतेक वेळा शाबूत असतो. तो निवडा, काम उरका आणि दुरुस्ती उद्यावर टाका.

मात्र त्या रिकाम्या फोल्डरात काहीही सेव्ह करू नका. लिनक्समध्ये माउंट करणं म्हणजे उबुंटूतल्या एखाद्या साध्या डिरेक्टरीवर बाहेरची फाइल सिस्टम आणून बसवणं. आपण गेल्या वेळी '/एमएनटी/काम' ही डिरेक्टरी केली होती आणि तिच्यावर विंडोजचा फोल्डर बसवला होता. माउंट फसलं की खालची मूळ डिरेक्टरी उघडी पडते. ती रिकामी असते, पण असते. तिथे लिहिलेली फाइल विंडोजकडे जात नाही, उबुंटूच्या आभासी डिस्कवर जाते. पुढे माउंट सुधारलं की विंडोजचा फोल्डर पुन्हा तिच्यावर येऊन बसतो आणि तुमची नवी फाइल त्याच्याखाली दबते. एलएस तिला दाखवत नाही, शोधूनही ती सापडत नाही, डिस्कवरची जागा मात्र ती खात राहते. 'यूमाउंट' केलं की ती पुन्हा दिसते. तेव्हा दुसरीकडे हलवून घ्यायची. 'फाइंडमाउंट' ही आज्ञा (टर्मिनलमध्ये 'फाइंडएमएनटी') त्या डिरेक्टरीचं नाव देऊन चालवली आणि उत्तरादाखल काहीच आलं नाही, तर तिथे काही माउंट झालेलं नाही असं समजावं. माउंट नसताना त्याच डिरेक्टरीवर 'सीएचअ‍ॅटर'ने 'प्लस आय' खूण लावून ठेवली, तर चुकून लिहिणंच बंद होतं. हा उपाय फारसा कोणी सांगत नाही, पण वाईट नाही.

(आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाकायच्या.)

आता बिघाड कुठे झाला ते पाहू. व्हर्च्युअलबॉक्सचा शेअर्ड फोल्डर उबुंटूला समजतो तो व्हीबॉक्सएसएफ नावाच्या कर्नल मॉड्यूलमुळे. मॉड्यूल म्हणजे कर्नल चालू असताना त्याला जोडला जाणारा कोडचा तुकडा, आणि तो मापाला शिवलेल्या कपड्यासारखा असतो: ज्या कर्नलसाठी बांधला त्यालाच बसतो. प्रत्येक मॉड्यूलमध्ये 'व्हरमॅजिक' नावाची एक ओळ असते आणि तिच्यात कर्नलचा पूर्ण आकडा असतो. उबुंटू 24.04 आलं तेव्हा त्यात 6.8.0-31 हा कर्नल होता. पुढच्या अपडेटला मागचा 31 बदलला की उबुंटूच्या हिशेबी तो वेगळा कर्नल झाला, त्याच्या मॉड्यूलांची डिरेक्टरीही वेगळी. जुन्या डिरेक्टरीतलं मॉड्यूल तिथे पोचलेलंच नसतं.

लिनक्सवाले हे मुद्दाम असं ठेवतात. वापरणाऱ्याच्या प्रोग्रामशी असलेलं नातं तोडायचं नाही यावर लायनस टोरवाल्ड्स हटून बसतात. पण कर्नलच्या आतल्या फंक्शनांबद्दल असं कसलंच वचन नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यामागची कारणं कर्नलच्याच दस्तऐवजांत लिहून ठेवली आहेत, आणि आतला इंटरफेस स्थिर ठेवण्याच्या मागणीला त्या फाइलच्या नावातच 'नॉनसेन्स' म्हटलं आहे. 5.6 या कर्नलमधून 'आयओरीमॅप_नोकॅश' हे एक जुनं फंक्शन काढून टाकलं, आणि बाहेरून जोडली जाणारी कित्येक मॉड्यूलं कंपाइल होईनाशी झाली. कर्नलवाल्यांचं तत्त्व मला पटतं. त्याची किंमत दर वेळी मॉड्यूल बाहेरून आणणाऱ्याने मोजायची, हेही त्यातच आलं.

म्हणून तपास खालून वर करायचा. 'यूनेम -आर' चालवा, चालू कर्नलचा आकडा कळेल. मग 'मॉडइन्फो व्हीबॉक्सएसएफ' चालवा आणि त्याची पहिली, फाइलनेमची ओळ नीट वाचा. मॉड्यूल सापडलंच नाही तर दुखणं तिथेच आहे. सापडलं तर त्याचा पत्ता बरंच सांगतो. पत्त्यात 'कर्नल/एफएस' असेल तर मॉड्यूल कर्नलबरोबर आलेलं आहे, 'मिस्क' असेल तर ते गेस्ट अ‍ॅडिशन्सच्या सीडीने बांधलेलं, आणि 'अपडेट्स/डीकेएमएस' असेल तर डीकेएमएस या, बाहेरची मॉड्यूलं आपोआप पुन्हा बांधणाऱ्या यंत्रणेने. यानंतर 'मॉडप्रोब' करून ते चढतं का पाहायचं आणि शेवटी माउंटला हात घालायचा. बहुतेक जण सुरुवातच माउंटपासून करतात आणि तिथेच डोकं आपटत बसतात.

माउंटचे निरोपही नीट वाचावे लागतात. 'अननोन फाइल सिस्टम टाइप' किंवा 'नो सच डिव्हाइस' आलं तर कर्नलकडे मॉड्यूल नाही. 'प्रोटोकॉल एरर' आलं तर मॉड्यूल आहे, पण बहुधा शेअरचं नाव व्हर्च्युअलबॉक्समध्ये दिलं त्याप्रमाणे टाकलेलं नाही. 'परमिशन डिनाइड' आलं तर बहुधा तुमचं नाव व्हीबॉक्सएसएफ या ग्रुपमध्ये नाही, आणि त्यात कर्नलचा काही दोष नाही.

मॉड्यूलच नसेल तर बहुतेक वेळा दोष हेडरचा निघतो. मॉड्यूल बांधायला त्या नेमक्या कर्नलचे हेडर (त्याच्या आतल्या फंक्शनांची वर्णनं असलेल्या फायली) लागतात. सगळीकडे मिळणारा सल्ला असा की 'लिनक्स-हेडर्स'पुढे 'यूनेम -आर'चं उत्तर जोडून पॅकेज घाला. याने आजचं भागतं. पण तुम्ही फक्त आजच्या कर्नलचे हेडर घातलेत. पुढच्या अपडेटला नवा कर्नल येईल, त्याचे हेडर येणार नाहीत, आणि पुन्हा हेच रामायण. त्यापेक्षा उबुंटूत 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' आणि डेबियनमध्ये 'लिनक्स-हेडर्स-एएमडी64' हे पॅकेज घाला. ते स्वतः रिकामं असतं, पण प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर ओढून आणतं. (एचडब्ल्यूई, म्हणजे जुन्या उबुंटूवर मागाहून येणारा नवा कर्नल, वापरणाऱ्यांनी त्या मालिकेचं घ्यावं.) कंपायलरही लागतो, आणि कधी तो नेमक्या आवृत्तीचा लागतो. उबुंटू 22.04 वर 6.5 चा एचडब्ल्यूई कर्नल आला तेव्हा तो जीसीसी 12 ने बांधलेला होता आणि लोकांकडे 11 होता.

हेडर आले की 'आरसीव्हीबॉक्सअ‍ॅड सेटअप' चालवायचं. 2016 साली आलेल्या व्हर्च्युअलबॉक्सच्या 5.1 आवृत्तीपासून गेस्ट अ‍ॅडिशन्स मॉड्यूल बांधायला डीकेएमएसवर अवलंबून नाहीत, ते काम स्वतःच करतात. म्हणून 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये त्यांचं नाव शोधत बसू नका. बांधणी फसली तर '/व्हार/लॉग'मधली 'व्हीबॉक्सअ‍ॅड-सेटअप' ही लॉग फाइल उघडा. तिच्यात एखादं फंक्शन किंवा स्ट्रक्चर सापडत नसल्याची कुरकुर असेल, तर हेडर पुन्हा घालून काही होणार नाही. तुमच्या गेस्ट अ‍ॅडिशन्स नव्या कर्नलपेक्षा जुन्या आहेत. आधी विंडोजवरचं व्हर्च्युअलबॉक्स अद्ययावत करा, मग त्यातून येणारी नवी सीडी उबुंटूत चालवा.

आता जरा विचित्र प्रकार. व्हीबॉक्सएसएफ हे मॉड्यूल आज कर्नलमध्येच आहे. तेव्हा रेड हॅटमध्ये असलेल्या हान्स द गूडे यांनी ते नीटनेटकं लिहून दिलं. 2019 मध्ये 5.4 च्या अगदी शेवटच्या टप्प्यावर ते स्टेजिंगमध्ये, म्हणजे कर्नलमधल्या कच्च्या कोडच्या विभागात, शिरलं होतं, पण इतक्या उशिरा आलेली फाइल सिस्टम टोरवाल्ड्स यांनी बाहेर काढली. मग मार्च 2020 मध्ये 5.6 बरोबर ते रीतसर दाखल झालं. म्हणजे आज एकाच नावाची दोन मॉड्यूलं असू शकतात, एक कर्नलचं आणि एक सीडीचं. अपडेटनंतर सीडीचं बांधलं गेलं नाही की कर्नलचं पुढे येतं, आणि त्याची गाठ पडते सीडीतल्या जुन्या माउंट-साधनाशी. दोघांचं जमत नाही. 'डीमेसेज'मध्ये (आज्ञा 'डीएमईएसजी') तेव्हा स्पष्ट ओळ उमटते : जुन्या पद्धतीचा बायनरी माउंट डेटा चालत नाही, कालबाह्य 'माउंट डॉट व्हीबॉक्सएसएफ' काढा किंवा व्हीबॉक्ससर्व्हिस अद्ययावत करा. इतका नेमका निरोप कर्नल क्वचित देतो. यावर माझं मत : दोन्हींपैकी एकच ठेवा. नुसता शेअर्ड फोल्डर हवा असेल तर सीडीचं सगळं अनइन्स्टॉल करून उबुंटूचं 'व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-यूटिल्स' हे पॅकेज घ्या आणि मॉड्यूल कर्नलचंच वापरा. ते दर कर्नलबरोबर बांधूनच येतं, अपडेटनंतर काही करावं लागत नाही.

मॉड्यूल बांधलं गेलं, पण चढवताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं आलं तर व्हर्च्युअल मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय 7.0 पासून, म्हणजे 2022 पासून आहे. सिक्युअर बूट सहीविना बाहेरचं मॉड्यूल आत घेऊ देत नाही. 'मोकयूटिल'ने आपली किल्ली नोंदवावी किंवा सरावाच्या मशीनपुरतं सिक्युअर बूट बंद ठेवावं. शिकण्यासाठी केलेल्या मशीनवर मी दुसरं करेन.

व्हीएमवेअरवाल्यांना या जंजाळातून बरीच सुटका आहे. तिथे पूर्वी व्हीएमएचजीएफएस हे असंच मॉड्यूल होतं. आता ओपन-व्हीएम-टूल्समधलं 'व्हीएमएचजीएफएस-फ्यूज' हेच काम साध्या प्रोग्रामसारखं करतं, कर्नलच्या आत जात नाही. लिनक्सच्या स्वतःच्या केव्हीएमवर यासाठी व्हर्टिओएफएस आहे, आणि ते 5.4 पासून कर्नलमध्येच आहे.

सुरू होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलमध्ये शेअर लिहिला असेल तर पर्यायांत 'नोफेल' जोडा. नाहीतर माउंट फसलं की उबुंटू इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं आणि फोल्डरपायी सगळं मशीन अडतं.

पुढच्या आठवड्यात स्नॅपशॉट पाहू. तोवर नवा कर्नल आला तर रीबूट करण्याआधी 'मॉडइन्फो -के' आणि पुढे नव्या कर्नलचा आकडा, मग व्हीबॉक्सएसएफ, असं चालवून पाहा. सीडीचं मॉड्यूल वापरत असाल तर 'मिस्क'चा आणि कर्नलचं वापरत असाल तर 'कर्नल/एफएस'चा पत्ता आला, की बिनधास्त रीबूट करा. सीडीवाल्यांना तो नाही आला तर 'आरसीव्हीबॉक्सअ‍ॅड क्विकसेटअप ऑल' चालवा, आणि फोल्डर दिसेपर्यंत 'ऑटोरिमूव्ह' करून जुना कर्नल काढू नका.