बादलीत मीठ किती?

आमच्या सोसायटीत एक काकू सांगतात, आरओचं टाकाऊ पाणी घातलं की झाडं मरतात. समोरच्या विंगेतला कढीपत्ता त्याच पाण्यावर चार वर्षं हिरवागार आहे. खोटं कोणीच बोलत नाही. काकूंकडे बोअरचं पाणी येतं, समोर नळाचं.

आरओ यंत्र क्षार तयार करत नाही, आलेले क्षार बाजूला काढतं. चार लिटरमागे एक लिटर प्यायला आणि तीन लिटर मोरीत गेलं, तर चारही लिटरमधले जवळपास सगळे क्षार त्या तिनांत उतरतात. नळाचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 150 असेल तर टाकाऊ पाण्याचा साधारण 200. पिण्याच्या पाण्याची आपली इष्ट मर्यादाच 500 आहे, तेव्हा हे खुशाल घाला. बोअर 1200चा असेल तर मात्र तेच 1600 होतात. मग कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते, पानांच्या कडा करपतात. अशा पाण्यानं फरशी पुसावी.

एसीच्या नळीतून ‘गॅसचं पाणी’ येतं हा समज तर निव्वळ भीतीपोटी. ते हवेतलं दव आहे, क्षार जवळजवळ नसलेलं. मुंबईच्या दमट हवेत तासाभरात लिटरभर सहज जमतं. पिऊ नये, झाडांना चालतं. उलट साधं वाटणारं कूलरच्या टबातलं पाणी फसवं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. विदर्भात मे महिन्यात टबाच्या तळाला हात लावून बघा.

धुण्याच्या पाण्यानं मी स्वतः एक मोगरा घालवला आहे. पावडरीत धुण्याचा सोडा असतो, त्यातल्या सोडियमनं माती घट्ट बसते, पाणी वरच तुंबतं. आता फक्त शेवटच्या खळबळीचं पाणी घेते, तेही त्याच दिवशी संपवते आणि पालेभाजीला अजिबात देत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी चांगलं; मीठ घालून भाजी उकडलेलं नको.

राहिला पाऊस. ‘गच्चीवर पडून पडून किती पडणार?’ एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा फुटांच्या पत्र्यावर 20 मिलिमीटरची एक सर आली की 185 लिटर, म्हणजे दोनशेचं पिंप काठोकाठ यायला थोडंच कमी. पहिल्या सरीचं पाणी धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतं, ते जाऊ द्यायचं.

डेंग्यूची भीती मात्र खरी आहे, आणि नुसतं पाणी ओतून देऊन ती जात नाही. एडिस डास पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंपाच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुपदरी फडकं सुतळीनं ताणून बांधलेलं असतं, आणि दर रविवारी मी काथ्या घेऊन आतली कड घासते.