परभाषा आणि परक्याचे घर

परकी भाषा शिकणे म्हणजे तिचे शब्द पाठ करणे, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. परंतु शब्दांमागे त्या लोकांच्या चालीरीती उभ्या असतात, व त्या कोशात सापडत नाहीत. उदाहरणार्थ, स्पेनात, मेक्सिकोत आणि दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागात चालणारी स्पॅनिश भाषा घेऊ. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे ह्यांनी मेक्सिकोत दीर्घकाळ वास्तव्य करून चापिंगो येथील कृषिविद्यालयात अध्यापन केले व मक्यावर संशोधन केले. आता आमच्या धाराशिव जिल्ह्यातील एखादा विद्यार्थी ही भाषा शिकून तिकडे निघाला, तर त्याने काय ध्यानात ठेवावे?

समजा, त्याने एका घराचे दार ठोठावले. आतून उत्तर येते, 'बोय!' शब्दशः अर्थ, 'मी जातो'. गृहस्थ भेटू इच्छीत नाही, असे समजून आमचा विद्यार्थी खिन्न होऊन परतेल. वास्तविक तो गृहस्थ दार उघडावयासच निघालेला असतो. आपण हाक मारणाऱ्याच्या जागेवरून पाहून 'आलो' म्हणतो. तो स्वतःच्या जागेवरून बोलतो, इतकेच.

घरात गेल्यावर संबोधनाचा प्रश्न येतो. त्यांचा 'तू' हा उच्चाराने व अर्थाने आपल्या 'तू' सारखाच आहे; आदरार्थी शब्द 'उस्तेद'. परंतु आदराचे माप सर्वत्र एक नाही. स्पेनात अनोळखी माणूसही पुष्कळदा सहज 'तू' म्हणतो, तर कोलंबियातील कित्येक कुटुंबांत जिवलगांसही 'उस्तेद' म्हणतात. आपणही आईस 'अगं' व वडिलांस 'अहो' म्हणतो. म्हणून आईविषयी आदर कमी, असे कोण म्हणेल?

जेवणाचेही तसेच. मेक्सिकोत 'तोर्तिया' म्हणजे मक्याची पातळ भाकरी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुलास ती आपलीशी वाटेल. पण स्पेनात तोच शब्द उच्चारला, तर पुढे अंडी व बटाटे ह्यांचा जाड पोळा येतो. अंडे वर्ज्य असणाऱ्याने आधीच विचारावे. स्पेनात रात्रीचे जेवण नऊ-दहाच्या सुमारास होते. सातालाच पान वाढले नाही, म्हणून यजमानावर रुसू नये.

नावाबाबत तर विशेष सावध असावे. तिकडे स्वतःच्या नावानंतर बहुधा प्रथम वडिलांचे व मग आईचे आडनाव येते. आपण आपले, वडिलांचे नाव व आडनाव लिहिले, तर तेथील कारकून वडिलांच्या नावासच पहिले आडनाव व आपल्या आडनावास आईचे आडनाव समजण्याचा संभव आहे. म्हणून कागदपत्र भरताना आडनाव कोणते, हे स्पष्ट सांगावे.

ह्या सर्वांतून एकच बोध घ्यावयाचा: राग येण्यापूर्वी विचारावे. हा नियम पाहुण्याप्रमाणे यजमानासही लागू आहे. आपल्याकडे निरोप घेताना 'जातो' म्हटले, की आजी लगेच दटावते, 'येतो म्हणावे, बाळ!' एखादा परदेशस्थ पाहुणा आपला 'येतो' ऐकून खरोखरीच वाट पाहात बसला, तर त्यास हसू नये. त्याच्याजवळ बसून अर्थ समजावून द्यावा. परक्याच्या घरी आपणास जी क्षमा हवी असते, ती आपल्या अंगणात आधी द्यावयास शिकले पाहिजे.