टक्क्यांकडून युनिटकडे : घरगुती सौर इन्व्हर्टरच्या मोजमापाचा मागोवा

पॅनेलकडून इन्व्हर्टरला मिळालेल्या डीसी विजेपैकी किती वीज एसी होऊन बाहेर पडते, या गुणोत्तराला इन्व्हर्टरची कार्यक्षमता म्हणतात. ही व्याख्या पहिल्यापासून कायम आहे. ते गुणोत्तर किती भारावर, किती व्होल्टेजवर आणि किती काळ मोजायचे, याची उत्तरे मात्र गेल्या पस्तीस वर्षांत अनेकदा बदलली.

जर्मनीने १९९० मध्ये ‘हजार छते’ कार्यक्रम सुरू केला आणि घराच्या छपरावरची वीज थेट ग्रीडला देणारी यंत्रे प्रथमच मोठ्या संख्येने कामाला लागली. त्या यंत्रांत जड ट्रान्सफॉर्मर असे. भार असो वा नसो, त्याच्या गाभ्यात ठरावीक वीज जिरतच असे. त्यामुळे भरउन्हात नव्वद टक्क्यांच्या आसपास चालणारे यंत्र सकाळी, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी बरेच खाली घसरे. माहितीपत्रकात मात्र कमाल आकडाच छापलेला असे, आणि तो यंत्राच्या दिवसभराच्या कामाबद्दल फारच थोडे सांगे.

यावर तोडगा निघाला तो भारित सरासरीचा. इटलीतील इस्प्रा येथील हवामानाच्या नोंदींवरून ‘युरोपीय कार्यक्षमता’ ठरली. ५, १०, २०, ३०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता मोजायची आणि त्यांना अनुक्रमे ३, ६, १३, १०, ४८ व २० टक्के वजन द्यायचे, अशी ही पद्धत. जवळजवळ निम्मे वजन निम्म्या भाराला मिळाले, कारण तिथले ऊन तसेच होते. कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगाने पुढे स्वतःची वजने ठरवली. त्यांत ७५ टक्के भाराला ५३ टक्के वजन आहे आणि ५ टक्के भाराला स्थानच नाही. महाराष्ट्रातील ऊन युरोपपेक्षा कॅलिफोर्नियाच्या उन्हाला जवळचे असल्याने इथल्या छतासाठी हा दुसरा आकडा अधिक उपयोगी मानायला हवा. मोजण्याची रीत १९९९ च्या आयईसी ६१६८३ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिली. भारतातही हेच मानक स्वीकारले गेले.

दरम्यान यंत्रेच बदलत होती. ट्रान्सफॉर्मर गेला. त्याच्याविना पॅनेलमधून जमिनीकडे झिरपणारा प्रवाह रोखण्यासाठी नव्या रचना आल्या आणि २००० नंतरच्या दशकात घरगुती यंत्रे ९७-९८ टक्क्यांवर पोहोचली. फ्राइबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेने २००९ मध्ये सिलिकॉन कार्बाइडचे ट्रान्झिस्टर वापरून प्रयोगशाळेत ९९ टक्क्यांची रेषाही ओलांडली.

या प्रगतीमुळे मोजमाप मात्र अवघड झाले, आणि या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित राहिलेला भाग हाच आहे. यंत्र ८५ टक्क्यांचे असताना दोन्ही बाजूंचे मीटर प्रत्येकी एक टक्का चुकले, तरी उत्तर ८३ ते ८७ च्या दरम्यान येई आणि निदान करता येई. आता ३,००० वॉट आत आणि २,९४० वॉट बाहेर, म्हणजे ९८ टक्के, असे गृहीत धरले तर तेवढ्याच चुकीने उत्तर ९६ पासून जवळजवळ १०० पर्यंत कुठेही पडू शकते. मोजायचा तोटा दोन टक्क्यांचा आणि मोजण्यातली चूकही तेवढीच! बाजारातला साधा क्लॅम्प मीटर किंवा इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे आकडे यांवरून दोन चांगल्या यंत्रांत निवड करणे म्हणूनच व्यर्थ आहे. काटेकोर प्रयोगशाळा अशा वेळी यंत्रातून बाहेर पडणारी उष्णताच मोजतात, कारण तोटा म्हणजेच ती उष्णता.

मोजमापातली दुसरी उणीव स्वित्झर्लंडमधील बर्गडॉर्फ येथे संशोधक हाइनरिख हेबरलिन यांच्या कामातून ठळक झाली. पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज ज्या बिंदूवर मिळते, तो बिंदू यंत्राला सापडलाच नाही, तर आत आलेल्या थोड्या विजेचे ९८ टक्के रूपांतर होऊनही नुकसान होतेच. ढग सरकत असताना हा शोध सर्वाधिक चुकतो. ईएन ५०५३० या २०१० च्या युरोपीय मानकाने रूपांतर आणि हा शोध यांचा गुणाकार ‘एकूण कार्यक्षमता’ म्हणून मांडला आणि बदलत्या उन्हातली चाचणीही घातली.

महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले आणि छतावरच्या विजेचा हिशेब युनिटमध्ये होऊ लागला. तीन किलोवॉटचा संच वर्षाला साधारण ४,२०० युनिट देतो असे धरले, तर कार्यक्षमतेतला अर्ध्या टक्क्याचा फरक वर्षाकाठी एकवीस युनिटांचा होतो. याउलट दुपारी ग्रीडचे व्होल्टेज मर्यादेबाहेर चढून इन्व्हर्टर बंद पडत राहिला, तर तेवढी वीज काही दिवसांतच हातची जाते. पत्र्याखाली किंवा उन्हात बसवलेले यंत्र तापले की स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन कमी करते. हा तोटा कमाल कार्यक्षमतेच्या आकड्यात दिसत नाही.

बॅटरी आली की हिशेब आणखी बदलतो. ऑफ-ग्रीड यंत्र रिकामे चालतानाच ५० वॉट खात असेल, तर दिवसाला १.२ युनिट गेले, म्हणजे तीन किलोवॉटच्या संचाच्या रोजच्या उत्पादनाचा दहावा हिस्सा. बर्लिनच्या एचटीडब्ल्यू विद्यापीठाने २०१८ पासून बॅटरीसह संपूर्ण संचांची तुलना सुरू केली, ती याच जाणिवेतून. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ग्रीडला जोडायचा सौर इन्व्हर्टर आपल्या स्टार लेबल योजनेत आणला आहे.

घरमालकाच्या दृष्टीने आज तीन गोष्टींना वजन आहे : भारित कार्यक्षमता छतावरील पॅनेलच्या प्रत्यक्ष व्होल्टेजवर किती, रिकाम्या चालीत यंत्र किती वीज खाते, आणि वर्षअखेरीस मीटरवर प्रतिकिलोवॉट किती युनिट नोंदले गेले. विक्रेत्याकडून पहिल्या दोहोंची उत्तरे लेखी घ्यावीत. तिसऱ्याची नोंद घरमालकाने स्वतः दर महिन्याला ठेवावी.