डिझेलच्या टाकीकडून विजेच्या मीटरकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. हा पंप सलग आठ तास चालला, तर साधारण तीस युनिट वीज खातो. टाटा मोटर्स कंपनीने २८ जानेवारी २०२० रोजी विजेवर चालणारी 'नेक्सॉन' बाजारात आणली, तेव्हा तिच्या बॅटरीत मावणारी वीजही तेवढीच होती, ३०.२ युनिट. गाडीतल्या मोटरची ताकद मात्र अशा पंचवीस पंपांएवढी. एकदा चार्ज केली की कागदोपत्री ३१२ किलोमीटर. प्रत्यक्षात एसी लावून, माणसे भरून दोनशेच्या आसपास. म्हणजे धाराशिवहून सोलापूरला जाऊन संध्याकाळी परत यायचे आणि वाटेत तुळजापूरला आईचे दर्शन घ्यायचे, एवढे त्यात बसते. पुण्याला जायचे तर मात्र वाटेत कुठेतरी थांबून चार्जिंग करणे भाग आहे.

आता तीस युनिट म्हणजे नेमके किती, हे पेट्रोलशी ताडून पाहिले तर गंमत वाटते. एक लिटर पेट्रोल जाळले, की सुमारे नऊ युनिट ऊर्जा निघते. म्हणजे दोनशे किलोच्या पुढे वजन असलेल्या त्या बॅटरीत ऊर्जा साठते ती जेमतेम साडेतीन लिटर पेट्रोलएवढी. साडेतीन लिटरवर पेट्रोलची गाडी पन्नास किलोमीटर जाईल, फार तर साठ. मग ही दोनशे कशी जाते? कारण इंजिनात जाळलेल्या पेट्रोलपैकी पाऊण हिस्सा नुसती उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जातो. चाकापर्यंत पोचतो तो उरलेला पाव हिस्सा. विजेच्या मोटरमध्ये शंभरातली नव्वदच्या आसपास वीज कामी येते. शिवाय उतारावर हीच मोटर उलटे काम करते. गाडी चाकांच्या जोराने मोटर फिरवते आणि मोटर वीज तयार करून बॅटरीत परत घालते. सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना मीटर भराभरा खाली येतो आणि परतताना घाट उतरेपर्यंत त्यातला काही भाग परत मिळतो. डिझेलच्या गाडीने घाट उतरताना टाकीत डिझेल वाढल्याचे कोणी पाहिले आहे का?

हे झाले यंत्राचे. पण कंपनीने हा धंदा का धरला, हा प्रश्न जास्त मोठा आहे.

१९४५ साली स्थापन झालेली टेल्को म्हणजे मालमोटारी करणारी कंपनी. तिचा पुण्याचा कारखाना १९६६ सालचा. तो उभा करण्यात सुमंत मुळगावकरांचा वाटा मोठा आणि १९९४ मध्ये आलेल्या 'सुमो' गाडीचे नाव त्यांच्याच नावातल्या पहिल्या अक्षरांवरून पडले. डिसेंबर १९९८ मध्ये 'इंडिका' आली. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री सुटी करून जहाजाने पुण्याला आणली होती. डिझेलवर परवडते म्हणून टॅक्सीवाल्यांनी इंडिका डोक्यावर घेतली. थोडक्यात, या घराण्याची ओळखच डिझेलची. त्यांनीच पुढे डिझेलला पर्याय शोधावा, यात थोडा विरोधाभास आहे खरा.

सुरुवात काही एका रात्रीत झाली नाही. २००८ मध्ये टाटांनी नॉर्वेतल्या एका कंपनीत हिस्सा घेऊन विजेवरची 'इंडिका व्हिस्टा' तयार केली. आपल्याकडच्या बाजारात ती आलीच नाही. खरी उडी २०१७ ची. केंद्र सरकारच्या ईईएसएल या कंपनीने सरकारी कचेऱ्यांसाठी दहा हजार विजेच्या गाड्यांची निविदा काढली आणि त्यातला मोठा हिस्सा टाटांना मिळाला. त्या वर्षीच्या डिसेंबरात साणंदच्या कारखान्यातून विजेवरची 'टिगोर' बाहेर पडू लागली. एका चार्जिंगमध्ये धाव जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. साहेब लोकांनी तक्रारी केल्या, पण कंपनीला हवा होता तो अनुभव मिळाला.

तेव्हा प्रवासी मोटारींच्या बाजारात टाटांची स्थिती नाजूक होती. २०१९-२० मध्ये त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आत आला होता. मारुती पहिल्या नंबरावर, ह्युंदाई दुसऱ्या. ज्याचे पेट्रोलचे दुकान जोरात चालले आहे, त्याला विजेची घाई नसते. मारुतीच्या विजेवरच्या गाडीचे उत्पादन सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडले. ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडे, तोच आधी पाऊल टाकतो. माझ्या मते टाटांच्या धाडसाचे निम्मे स्पष्टीकरण यातच आहे.

उरलेले निम्मे त्यांच्या घरच्या मांडणीत. विजेची गाडी विकायची तर चार्जर हवेत, ते टाटा पॉवरने उभारायचे. बॅटरीचे सेल बाहेरून आणून त्यांची पेटी टाटा ऑटोकॉम्पने बांधायची. आणि गाडी? नवी गाडी घडवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, म्हणून पेट्रोल-डिझेलवर आधीच चालत असलेल्या नेक्सॉनमधून इंजिन आणि टाकी काढली, खाली बॅटरी आणि पुढे मोटर बसवली. ही गाडी पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार झाली. जुन्या वाड्यात नवी खोली काढण्यासारखे हे काम. थोडी तडजोड होते, पण लवकर होते. केवळ विजेसाठी आखलेल्या सांगाड्यावरची टाटांची पहिली गाडी 'पंच', ती आली जानेवारी २०२४ मध्ये.

ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीजी या अमेरिकी गुंतवणूकदाराच्या पुढाकाराने या विजेच्या धंद्यात ७,५०० कोटी रुपये घालण्याचे जाहीर झाले. २०२२ च्या सप्टेंबरात 'टियागो' साडेआठ लाखांच्या आत आली. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या दर पाच मोटारींपैकी चार टाटांच्या होत्या. मग वाटेकरी आले. एमजीने सप्टेंबर २०२४ मध्ये 'विंडसर' आणली आणि बॅटरीचे पैसे किलोमीटरमागे भाड्याने देण्याची युक्ती काढली. महिंद्रांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात चाकणला तयार होणाऱ्या दोन नव्या गाड्या दाखवल्या. (महिंद्रांनी तर २०१० मध्येच बंगळुरूची 'रेवा' कंपनी घेतली होती, पण तेव्हा गिऱ्हाईकच तयार नव्हते.) २०२५ मध्ये टाटांचा वाटा निम्म्याच्याही खाली आला. आणि एकूण बाजार? शंभर नव्या मोटारींमागे विजेच्या चार-पाच. नॉर्वेत २०२४ साली हेच प्रमाण शंभरात जवळजवळ नव्वद होते. उलट शेजारच्या स्वीडनमधल्या व्होल्वोने २०३० पर्यंत फक्त विजेच्याच गाड्या विकण्याचा आपला बेत सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेतला. तेव्हा जगात सगळे एकाच दिशेने धावत सुटले आहे, असेही नाही.

आता आपल्या खिशाकडे वळू. पेट्रोल हिशेबाला सोपे म्हणून शंभर रुपये लिटर धरू आणि गाडी पंधराचे अ‍ॅव्हरेज देते असे मानू. किलोमीटरला पावणेसात रुपये पडले. विजेची गाडी एका युनिटात सहा-साडेसहा किलोमीटर जाते. युनिट दहा रुपयांनी धरले, तर किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये. म्हणजे पाच रुपये वाचले. पण गाडी घेताना समजा चार लाख जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला ऐंशी हजार किलोमीटर पळवावी लागेल. नवरात्रात आणि एरवीही तुळजापूरला भाविकांची ने-आण करणारा गाडीवाला महिन्याला तीन हजार किलोमीटर करतो. त्याचे पैसे सव्वादोन वर्षांत फिटतात. आठवड्यातून एकदा गावी जाणाऱ्या आणि महिन्याला सहाशे किलोमीटर गाडी चालवणाऱ्या मास्तरांना त्यासाठी अकरा वर्षे लागतील. मास्तरांनी घाई करू नये, असे मी स्पष्ट सांगेन. त्यात सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवरचा २०१९ पासूनच ५ टक्के आहे. म्हणजे किमतीतले अंतर पुन्हा थोडे वाढले.

आणखी एक बारीक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे आणखी जास्त. गाडी महिन्याला दोनशे युनिट खाऊ लागली, की त्यातली बरीचशी युनिटे वरच्या टप्प्याच्या दराने पडतात. बिलाचा आकडा पाहून मग घरात वाद. छपरावर सौर पॅनेल असेल, तर हा हिशेब पार बदलतो आणि ऊन हे तर आपल्या जिल्ह्याला कोणी न मागता मिळालेले आहे. कौडगावला महानिर्मितीचा सौर प्रकल्प उभा आहे, भूम-वाशीच्या माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. तरीही राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. विजेची गाडी धूर सोडत नाही हे खरे, पण त्यातला काही धूर तिकडे परळीच्या धुराड्यातून निघतो, हेही तितकेच खरे. हिशेबाने तो एकंदर कमी पडतो, शून्य होत नाही.

घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तीस युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. रात्री लावून सकाळी काढायची. पण त्यासाठी अर्थिंग नीट हवे आणि रात्रभर दाब टिकायला हवा. ज्या गावात डीपी जळाली की आठ-आठ दिवस बदलून मिळत नाही, तिथे ही गाडी अंगणात शोभेलाच उभी राहील. राज्य सरकारने २०२५ च्या धोरणात विजेच्या गाड्यांना समृद्धी महामार्गावर टोलमाफी जाहीर केली. समृद्धी आपल्या जिल्ह्यातून जात नाही! आपल्या कामाचे रस्ते दोन, एक सोलापूर-धाराशिव-बीड आणि दुसरा नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा. या दोन रस्त्यांवर भरवशाचे जलद चार्जर किती आणि त्यांतले चालू किती, यावर आपल्याकडचे बरेचसे ठरणार आहे.

बॅटरीची भीती पुष्कळांना वाटते. टाटांच्या गाड्यांतले सेल लिथियम, लोह आणि फॉस्फेटचे असतात. ते वजनाला थोडे जड, पण उष्णतेला इतर प्रकारांपेक्षा जास्त तग धरतात. मराठवाड्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात हे महत्त्वाचे. कंपनीने पहिल्या नेक्सॉनच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी दिली होती. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र बॅटरीत किती जीव उरला आहे, ते अधिकृत केंद्रात मोजून घेतल्याशिवाय इसार देऊ नये. सेल मुख्यतः चीनमधून येतात हा दुसरा काच आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरमध्ये लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची तारांबळ उडाली होती. आखाताच्या तेलावरून उठून चीनच्या सेलवर बसायचे, तर त्याला सुटका कशी म्हणायची?

शेवटचा मुद्दा आपल्या घरांशी जोडलेला आहे. या जिल्ह्यातली किती तरी मुले चाकण, भोसरी, रांजणगावला कामाला आहेत. सगळीच काही मोठ्या कंपनीत नाहीत, पुष्कळशी पुरवठादारांच्या शेडमध्ये आहेत. कोणी पिस्टनला फिनिशिंग करतो, कोणी गिअर कापतो, कोणी सायलेन्सरचे वेल्डिंग करतो. विजेच्या गाडीत पिस्टन नाही, क्लच प्लेट नाही, इंजेक्टर नाही, सायलेन्सर नाही. इंजिनात शेकडो हलणारे भाग, मोटरमध्ये फिरणारा भाग जवळजवळ एकच. चार-पाच टक्क्यांवर कोणाची नोकरी लगेच जात नाही. वीस-पंचवीस टक्क्यांवर मात्र या शेडमधल्या पाळ्या कमी होतील. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, सीट, काचा यांचे काम राहणार आहे. नवे काम आहे ते तारांच्या जुडग्यांचे, इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांचे, बॅटरीच्या पेटीचे.

गावातल्या मिस्त्रीचेही तसेच. ऑइल बदलणे, टायमिंग लावणे, हेड उतरवणे यावर त्याचे घर चालते. विजेच्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्यांतून तीनशे व्होल्टच्या वर दाबाची वीज वाहते. टेस्टर आणि पाना घेऊन तिथे हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. त्याचे रीतसर शिक्षण लागते. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र ट्रेड आता आहे. दहावीनंतर मुलाला मोटार मेकॅनिकला घालायचा विचार असेल, तर प्रवेशाच्या वेळी जवळच्या संस्थेत या ट्रेडची चौकशी जरूर करावी. आणि तिथे शिकवायला खरीखुरी विजेची गाडी उभी आहे का, हेही वर्कशॉपमध्ये जाऊन डोळ्यांनी पाहून यावे.